कूस बदलल्याची वही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या वकीलसाहेबांना कायद्याच्या पुस्तकातली अडगळीत पडलेली कलमं हुडकून काढायचा नाद होता. तेव्हा सुरुवात अशाच एका कलमापासून करते.

१८६०च्या भारतीय दंड संहितेचं एकोणिसावं प्रकरण अवघ्या तीन कलमांचं होतं : ४९०, ४९१ आणि ४९२. चाकरीचा करार मोडला तर तो फौजदारी गुन्हा, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ. ४९०च्या खाली दिलेल्या उदाहरणात एक भोई आहे. पालखी ठरल्या ठिकाणी पोचवायची असताना तो मधल्याच टप्प्यात ती टाकून पळतो आणि गुन्हेगार ठरतो. ४९२ कलम मालकाने स्वखर्चाने दूरवर नेलेल्या मजुराबद्दल होतं. दोन्ही उघडउघड मालकांच्या सोयीची. १९२५ साली ती रद्द झाली. मधलं ४९१ तेवढं राहिलं, कारण ते मालकाचं नव्हतं, दुबळ्याचं होतं. लहान वय, मनोविकार, आजार किंवा शरीराची दुर्बलता यांमुळे ज्याला स्वतःचं काही करता येत नाही, अशा माणसाची शुश्रूषा करायचा आणि त्याच्या गरजा भागवायचा करार ज्याने केला, त्याने जाणूनबुजून ते केलं नाही तर शिक्षा : तीन महिने कैद, किंवा दोनशे रुपये दंड, किंवा दोन्ही.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्या कलमाचा नंबर ३५७ झाला. तीन महिने तीनच राहिले. दोनशेचे पाच हजार झाले. आज शहराबाहेरच्या एखाद्या केअर सेंटरमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी महिन्याला तीस हजार मोजत असाल, तर हा जास्तीत जास्त दंड म्हणजे पाच दिवसांचं बिल. बरं, गुन्हा अदखलपात्र. म्हणजे पोलीस ठाण्यात गेलात तर हवालदार तुमचं ऐकून घेईल, एनसी फाडून हातात देईल आणि ‘कोर्टात जा’ म्हणेल. वकिली सुरू केल्यापासून या कलमाखाली शिक्षा झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तरीही मला ते कलम आवडतं. म्हाताऱ्या, परावलंबी माणसाला सांभाळायचे पैसे घेणं हा करार आहे आणि तो मोडणं हा गुन्हा आहे, एवढं ते स्वच्छ सांगतं. आपल्या समाजाला नेमकं हेच मान्य करणं जड जातं. वृद्धाश्रम म्हटलं की आपण दोनच गोष्टी बोलतो : मुलं किती कृतघ्न, आणि संस्थाचालक किती पुण्यवान. या दोन समजुतींच्या मध्ये खाटेवरचा माणूस कुजतो. हा शब्द मी सभागृहात मुद्दाम वापरते आहे. बेडसोअर ज्यांनी पाहिलाय त्यांना तो खटकणार नाही.

एक प्रकरण जवळून सांगते. नावगाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील फिरवले आहेत.

आजी एकोणऐंशी वर्षांच्या, पार्किन्सन्सच्या. मुलगी ठाण्याला शिक्षिका, मुलगा न्यू जर्सीत. पैसे मुलगा पाठवायचा, खेपा मुलगी घालायची. एका सोसायटीतले दोन बंगले जोडून केलेलं केंद्र, फलकावर ‘२४ तास नर्सिंग’. पहिले काही महिने बरे गेले. मग मुलगी गेली की आजी झोपलेल्याच दिसायला लागल्या. ‘रात्री झोपत नाहीत ना, म्हणून दुपारी डोळा लागतो,’ असं उत्तर मिळायचं. भेटायची वेळ चार ते पाच अशी बांधून आली. एके दिवशी ताप आला म्हणून फोन आला आणि तिने आईला थेट रुग्णालयात हलवलं. तिथल्या नर्सने कपडे बदलताना हाक मारली. माकडहाडावर मुठीएवढी जखम, आतलं हाड दिसणारी. दोन्ही टाचा काळ्या. सर्जनने केसपेपरवर लिहिलं : दाखल होतेवेळीच चौथ्या श्रेणीचा शय्याव्रण, शरीरात पाण्याची कमतरता. ती एक ओळ पुढे सगळ्या खटल्याचा कणा ठरली.

आजी त्या आजारातून उठल्या नाहीत. दिवसकार्य झाल्यावर मुलगी माझ्याकडे आली ती तक्रार करायला नव्हे. अनामत रकमेतले पैसे परत मिळतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. जखमेचे फोटो तिने मी मागितल्यावर दाखवले. ‘यावर काही करायचं का?’ असं मी विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, आम्हीच ठेवलं ना तिला तिथे.’

हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की संस्थाचालकांनाही ते पाठ असणार. त्यांचा बचाव तिथूनच सुरू होतो. उलटतपासणीत पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही आईला घरी का ठेवलं नाही?’ आणि साक्षीदार ढासळतो. त्या प्रश्नाचा दाव्याशी काडीचा संबंध नाही. मी मूल पाळणाघरात ठेवलं म्हणून पाळणाघराला ते उपाशी ठेवायची मुभा मिळत नाही. घरी ठेवणं शक्य नव्हतं म्हणूनच तर पैसे देऊन दुसऱ्याने ते काम अंगावर घेतलं. पण ही लाज इतकी खोल असते की माणसं बेडसोअरला आपल्या कृतघ्नतेची शिक्षा समजून गप्प बसतात. त्या गप्प बसण्यावर एक अख्खा धंदा उभा आहे.

त्या मुलीच्या वतीने आम्ही संस्थेला नोटीस दिली आणि नोंदी मागितल्या. बऱ्याच टाळाटाळीनंतर एक वही आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, कारण एकाच जागी वजन राहिलं की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरायला लागते. वहीत सगळं होतं. सकाळी सहा उजवी, आठ डावी, दहा उताणी, अशी दिवसरात्र नोंद. अक्षर एकच. निळं बॉलपेनही एकच. महिनाभर रात्री दोनलाही तीच बाई जागी, सकाळी दहालाही तीच. आणि आजी ज्या रात्री रुग्णालयात अतिदक्षता विभागात होत्या, त्या रात्रींच्या नोंदीही वहीत होत्या! रात्री बारा, डावी. रात्री दोन, उताणी. पान भरायचं म्हणून ज्याने ते एका बैठकीत भरलं, त्याने तारखांकडे पाहिलंच नव्हतं. सामनेवाल्यांच्या वकिलांनी ‘कारकुनी चूक’ असा खुलासा दिला. ग्राहक आयोगाच्या सदस्यांनी ती पानं दोनदा उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता वही नस्तीत ठेवून घेतली.

आता कायद्याच्या दारांविषयी. इथे एक गैरसमज आधी दूर करते. बरेच लोक २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा हातात घेऊन येतात आणि प्रांतांकडे अर्ज करू म्हणतात. तो कायदा मुख्यतः मुलांविरुद्ध आहे. निर्वाह भत्ता द्या, फसवून लिहून घेतलेलं घर परत करा, हे त्याचं क्षेत्र. भत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार. त्यातलं २४वं कलम ज्येष्ठाला कायमचं टाकून देणाऱ्याला तीन महिने कैदेची शिक्षा सांगतं, पण आश्रमात नीट न सांभाळणं त्यात बसवणं अवघड. १९व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम काढण्याची कल्पना आहे. मात्र तिथे ‘राज्य शासन करू शकेल’ अशी भाषा आहे, ‘करील’ अशी नाही. माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की राज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करा. किती आश्रम आहेत हे विचारायला सर्वोच्च न्यायालय लागलं! पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९मध्ये, लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. त्यात खासगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा अशा तरतुदी होत्या. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवालही आला, आणि सतराव्या लोकसभेबरोबर विधेयक व्यपगत झालं. खासगी वृद्धाश्रमांसाठी देशभर लागू असलेली नोंदणी आजही नाही. जून २०२५मध्ये उत्तर प्रदेशच्या राज्य महिला आयोगाने नोएडातल्या एका आश्रमावर छापा टाकला आणि कोंडलेल्या, हात बांधलेल्या वृद्धांना बाहेर काढलं. त्याला कारण झाला एक व्हिडिओ. नियमित तपासणीतून ते उघड झालं नव्हतं.

मग उपाय काय? माझ्या अनुभवात सगळ्यात चालणारं दार ग्राहक आयोगाचं. कारण तिथे विषय सरळ आहे : पैसे घेतले, सेवा दिली नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगात तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. आश्रम मुळशीला आणि मुलगी ठाण्याला असेल, तर ठाण्यात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. तक्रारदार हयात नसेल तर वारस येऊ शकतात. ‘पैसे तर मुलाने भरले, मग ग्राहक कोण?’ हा आक्षेप हमखास येतो. त्याचं उत्तर १९९८ सालीच मिळालंय, स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या निकालात. तिथे लहान मूल रुग्ण होतं, आईवडील पैसे भरणारे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोघेही ग्राहक. आपल्याकडे नातं उलटं आहे, तत्त्व तेच.

त्या निकालातली दुसरी गोष्टही आपल्या कामाची आहे. मुलाला चुकीचं इंजेक्शन देणारी नर्स पात्रताधारक नव्हती. रुग्णालयाला तिच्याकडे बोट दाखवून सुटता आलं नाही. नोकराच्या हयगयीला मालक जबाबदार, आणि अपात्र माणूस नेमणं ही मालकाची स्वतःची हयगय.

इथे मावशींबद्दल बोललंच पाहिजे. वृद्धाश्रमात काही घडलं की व्हिडिओत दिसते ती मावशी. हात उगारणारी, खसकन ओढणारी. लोक खवळतात, तिला अटक होते, संस्थाचालक ‘आम्ही तिला तात्काळ कामावरून काढलं’ असं पत्रक काढतो आणि प्रकरण संपतं. वर सांगितलेल्या केंद्रात रात्री चौदा खाटांना एक मावशी होती. बारा तासांची पाळी, ब्यूरोमार्फत आलेली, बीड जिल्ह्यातली. पाच-सहा माणसं अंथरुणाला खिळलेली धरली तरी दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, डायपर बदलायचे, एकाला नळीतून दूध द्यायचं, दुसरा उठून दाराशी जातो त्याला आणायचं. एकट्या बाईला पार्किन्सन्सचं आखडलेलं शरीर वळवताच येत नाही; त्याला दोघी लागतात. म्हणजे कूस बदलली जाणार नाही हे संस्थेने पाळ्यांचा तक्ता लावला त्याच दिवशी ठरलं होतं. तक्रारीत मी मावशीला सामनेवाली केलं नाही. मुलीला ते आवडलं नव्हतं. नंतर त्याच मावशीचं प्रतिज्ञापत्र आमच्या बाजूने दाखल झालं. वही कोणी, कधी भरायला लावली, ते त्यात होतं. मारहाण करणाऱ्याला सोडावं असं मी म्हणत नाही. पण दावा लावताना आधी विचारायचं ते हे : किती माणसांमागे किती हात होते, आणि ते कोणी ठरवलं?

झोपेच्या गोळ्यांचंही असंच. माणसं कमी असली की रुग्ण शांत हवे असतात. मग गोळी. नाहीतर ओढणीने खाटेच्या कठड्याला हात. स्मृतिभ्रंश झालेली माणसं जिथे उपचारासाठी ठेवली जातात, त्या जागेला २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू होतो, असं माझं ठाम मत आहे. विचार, भान आणि स्मृती यांचा गंभीर बिघाड त्याच्या व्याख्येत आहेच. त्या कायद्याचं ९७वं कलम बांधून ठेवण्याबद्दल आहे. ते म्हणतं, तात्काळ गंभीर इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच बांधायचं, मनोविकारतज्ज्ञाच्या मंजुरीने, आवश्यक तेवढाच वेळ, नोंद ठेवून. शिक्षा म्हणून कधीही नाही. आणि निव्वळ कर्मचारी कमी आहेत एवढ्या कारणावरून तर मुळीच नाही. कायदा लिहिणाऱ्याने कधीतरी अशा जागेत रात्र काढली असावी.

फौजदारी बाजूला ३५७चा फुसका बार सोडला तरी दोन तरतुदी दमदार आहेत. मृत्यू झाला असेल तर न्याय संहितेचं १०६वं कलम, हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. डॉक्टरांवर कारवाई करताना जेकब मॅथ्यू प्रकरणातली, २००५ सालची, स्वतंत्र वैद्यकीय मताची अट आडवी येते. ती डॉक्टरांपुरती आहे. पाणी न पाजणाऱ्या व्यवस्थापकाला तिची ढाल मिळत नाही, आणि पोलीस ठाण्यात हे सांगावं लागतं. दुसरी तरतूद लोकांना ठाऊकच नसते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं ९२वं कलम : दिव्यांग व्यक्ती ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी नाकारलं, तर किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. पार्किन्सन्स त्या कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आहे. शिक्षेच्या प्रमाणामुळे हा गुन्हा दखलपात्र ठरतो. इथे एनसीवर बोळवण करता येत नाही. त्याच कायद्याच्या सातव्या कलमाखाली छळाची माहिती कोणीही, शेजारीसुद्धा, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्या तहसीलदाराला देऊ शकतो, आणि त्याने तातडीने सोडवणुकीची पावलं उचलायची आहेत. माणूस जिवंत असताना उपयोगी पडणारं कलम हे. बाकी सगळे उपाय बहुधा मागाहूनचे.

नोंदणीचा मुद्दा थोडक्यात. धर्मादाय न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांना कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्तांना निलंबित करता येतं, दूर करता येतं. नळी, कॅथेटर, इंजेक्शनं असलेली खासगी जागा असेल तर १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याची व्याख्या पाहा. आजारी, जखमी वा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा त्यात येते. ‘आम्ही हॉस्पिटल नाही हो, आम्ही घरच्यासारखं सांभाळतो’ असं म्हणणाऱ्यांना महापालिकेच्या आरोग्य विभागाचं एक पत्र गेलं की घरपण जरा कमी होतं.

अमेरिकेचं उदाहरण माझ्याकडे येणारी परदेशस्थ मुलं हमखास देतात. तिथे १९८७ सालापासून नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या हक्कांचा संघराज्यीय कायदा आहे, तपासणीचे अहवाल कोणालाही पाहता येतात. जून २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तालेव्स्की प्रकरणात सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की सरकारी मालकीच्या नर्सिंग होमविरुद्ध ते हक्क न्यायालयातून बजावून घेता येतात. त्या कुटुंबाची तक्रार होती की स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना औषधांनी गुंगवून ठेवलं. पण तिथेही अनेक खासगी संस्था प्रवेशाच्या कागदांतच लवादाची अट घालतात आणि तिच्यावर सही केलेल्या कुटुंबाला ज्युरीसमोर जाता येत नाही. याबाबतीत आपण बरे आहोत. एमार एमजीएफ प्रकरणात, २०१८ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे पक्कं केलं.

आपल्याकडच्या प्रवेश अर्जात वेगळं वाक्य असतं : ‘रुग्णास झालेल्या कोणत्याही इजेस अथवा मृत्यूस संस्था जबाबदार राहणार नाही.’ त्याखाली मुलीची सही. ही सही पाहून निम्मे लोक घरी परत जातात. जाऊ नका. एका बाजूला महिन्याचे पैसे आणि दुसऱ्या बाजूला कसलीच जबाबदारी नाही, अशा कराराला नव्या ग्राहक कायद्यात अनुचित करार म्हणून आव्हान देता येतं, ते राज्य आयोगापुढे. आणि तसं आव्हान नाही दिलं, तरी आपल्या हयगयीची माफी आधीच लिहून घेतलीय हा बचाव मला आजवर कुठे टिकलेला दिसला नाही.

खरी लढाई पहिल्या आठवड्यात हरली जाते, आणि ती पुराव्याच्या पातळीवर. आश्रमात मृत्यू झाला की ओळखीचा डॉक्टर येतो, दाखल्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो. हृदय आणि श्वास थांबला, म्हणजे माणूस मेला, एवढंच त्यातून कळतं. का मेला ते नाही. वयाकडे पाहून कोणी विचारत नाही. चार तासांत वैकुंठ स्मशानभूमी. अंगावरची जखम, आत गेलेले डोळे, मनगटावरचे वळ, सगळं त्या विद्युतदाहिनीत. शंका असेल तर अंत्यविधीआधी पोलिसांना लेखी कळवा, अकस्मात मृत्यूची नोंद करायला लावा, शवविच्छेदन मागा. नातेवाईक म्हणतील, ‘आता कशाला तिची चिरफाड!’ त्या क्षणी हे ऐकणं फार कठीण असतं, मला ठाऊक आहे. तरी घरात एक जण तरी असा लागतो जो फॉर्मवर सही करतो.

माणूस जिवंत असेल तर काम सोपं. आधी हलवा, मग भांडा. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टरांना विनंती करा की अंगावरच्या जखमा, वजन, शुद्ध, सगळं दाखलपत्रावर येऊ द्या. बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. व्हॉट्सअ‍ॅप गट सोडू नका. ‘आज आजींनी छान जेवण केलं’ हा निरोप ज्या दिवशी आला त्या दिवशीचा रक्ताचा अहवाल काय सांगतो, हे शेजारी ठेवल्यावर फार बोलकं असतं. सीसीटीव्हीचं चित्रण काही आठवड्यांत स्वतःवरच पुसून पुन्हा लिहिलं जातं, तेव्हा ते जपून ठेवा अशी लेखी मागणी लगेच पाठवा, नोंदणीकृत टपालाने आणि ईमेलने. मोबाइलमधले फोटो, संदेश न्यायालयात द्यायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. फोन विकू नका, बदलू नका. आणि अनामत रक्कम परत घेताना ‘कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतील. पैसे थोडे दिवस राहू द्यात त्यांच्याकडे.

‘केस केली तर बाकीचे आश्रम घेतील का आईला?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो खरा आहे. चांगल्या न्यासांकडे प्रतीक्षायादी असते. संस्थाचालक एकमेकांना ओळखतात. एका शहरात दोन संस्थांनी नाकारलेली माणसं मी पाहिली आहेत. याला माझ्याकडे कायदेशीर उत्तर नाही. व्यवहारात एवढं दिसतं की ज्या संस्थेच्या नोंदी खऱ्या आहेत, ती तक्रारदाराच्या आईला घ्यायला घाबरत नाही. ती दारातच सांगते, वजन दर महिन्याला आमच्यासमोर करा, रात्री कधीही या.

वेळ किती लागतो? कायदा म्हणतो, साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा. हसू नका. पण एका बाबतीत मुदत कडक आहे. सामनेवाल्याने लेखी म्हणणं तीस दिवसांत द्यायचं, फार तर आणखी पंधरा. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर आयोगालाही ते स्वीकारता येत नाही, असं घटनापीठाने २०२० साली ठरवून टाकलं. नोटिशीकडे दुर्लक्ष करायची सवय असलेल्या संस्था इथे सापडतात. सेहेचाळिसाव्या दिवशी त्यांचे वकील धावत येतात.

ज्या प्रकरणाबद्दल बोलत होते त्यात म्हणणं वेळेवर आलं, वही आली, मावशीचं प्रतिज्ञापत्र आलं, आणि मग तडजोडीचा प्रस्ताव आला. रक्कम बरी होती. अट अशी की तक्रार बिनशर्त मागे घ्यायची आणि प्रकरणाबद्दल कुठेही, कोणाशीही बोलायचं नाही. अशा अटींची मला चीड आहे. एकाला गप्प बसायचे पैसे देऊन दुसऱ्याच्या आईसाठी ती खाट तशीच मोकळी ठेवायची, हा त्याचा अर्थ. मुलीला मी म्हटलं, पैसे घेण्यात काही कमीपणा नाही, पण तडजोड आयोगापुढे पुरसीस देऊन करू, म्हणजे तिच्यावर आदेश होईल. न्यू जर्सीच्या भावाला ते पटत नव्हतं; त्याला विषय संपवायचा होता. ती मात्र ठाम राहिली. मसुद्यातलं गुप्ततेचं कलम तिने स्वतःच्या पेनाने खोडलं आणि शेजारी सही केली. संस्थेने दोन तारखा मागून घेतल्या आणि मग तिनेही सही केली. आदेश झाला. त्यात सामनेवाल्यांचं नाव आहे, रात्रपाळीला किमान दोन प्रशिक्षित सेविका ठेवण्याची हमी आहे, आणि संस्थेने हमी मोडली तर काय, तेही आहे.

त्याच केंद्रातल्या आणखी एका कुटुंबाने या आदेशाचा क्रमांक आपल्या तक्रारीत घातला आहे. ती प्रलंबित असल्याने तिच्याविषयी इथे बोलता येत नाही. प्रश्नोत्तरांसाठी अध्यक्षांनी वेळ ठेवला आहे. कागदपत्रं सोबत आणली असतील त्यांनी कार्यक्रमानंतर भेटावं.